पणजीत घरच्यांबरोबर इमारतींचे फोटो काढायला एक दिवस : सुरुवात कुठून करावी?

साखळीवाली · बुधवार, रात्री ९.३५

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आम्ही सगळे पणजीला जायचं म्हणतोय. पण खरेदी, मिरामार आणि परत घरी, असं या वेळी नाही. मुलगा नववीत आहे. काकाचा जुना डीएसएलआर त्याच्या हाती लागलाय आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेने जुन्या इमारतींवर प्रकल्प दिलाय. मुलगी सहावीत, तिच्याकडे माझा फोन. नवरा गाडी चालवणार आणि दर अर्ध्या तासाने ‘झालं का?’ विचारणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी घरी थांबायला तयार नाहीत. त्यांची एकच अट आहे : तुमची पोर्तुगीज घरं खुशाल बघा, पण मला महालक्ष्मीला न्या.

पणजीत मी रोज कामाला जाते. बसमधून उतरायचं, ऑफिस गाठायचं आणि संध्याकाळी धावत परतीची बस पकडायची. मान वर करून इमारत बघायची वेळच येत नाही. तेव्हा सांगा : कोणत्या क्रमाने फिरावं, गाडी कुठे ठेवावी, आत कुठे जाता येतं? आणि कृपा करून त्या एका पिवळ्या भिंतीचा पत्ता देऊ नका. तिच्यासमोर उभं राहिलेल्या निम्म्या गोव्याचे फोटो माझ्या फोनमध्ये आधीच येऊन पडलेत.

कॅमेराबहाद्दर · बुधवार, रात्री १०.१०

ताई, क्रम सूर्याला विचारायचा. बाकी कोणाला नाही.

फोंतेन्हास आणि मळा हा जुन्या पोर्तुगीज घरांचा सगळा भाग आल्तिनोच्या टेकडीच्या पूर्वेला, तिच्या पायथ्याशी आहे. ऊरेमच्या खाडीकडे तोंड करून जी घरांची ओळ उभी आहे, तिच्यावर सकाळी खाडीपलीकडून थेट ऊन येतं. दुपार उलटली की सूर्य टेकडीआड जायला लागतो आणि गल्ल्यांत सावली भरते. पर्यटक मात्र दुपारी जेवून चारला तिथे पोचतात आणि रंग फिके आले म्हणून फोनला शिव्या देतात.

इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचं बरोबर उलटं. त्याचं तोंड पश्चिमेला, बागेकडे. सकाळी गेलात तर सूर्य चर्चच्या पाठीमागे असतो, पांढरी भिंत करडी येते आणि मागचं आकाश जळतं. तीननंतर जा, तो नागमोडी जिना एकेक टप्पा सुटा होऊन दिसतो.

तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. मांडवी शहराच्या उत्तरेला आहे, त्यामुळे आदिलशहाच्या राजवाड्याची नदीकडची बाजू उत्तरमुखी. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे ती बाजू दिवसभर सावलीत. गोव्याच्या अक्षांशावर मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि तेव्हा नेमका पाऊस. म्हणून नोव्हेंबरात राजवाडा शहराच्या बाजूने काढायचा. नदीच्या बाजूने काढायचाच झाला तर सूर्यास्तानंतर, आत दिवे लागल्यावर.

तेव्हा सकाळी पूर्व, दुपारी आत कुठेतरी, संध्याकाळी पश्चिम. कांपालला कला अकादमीपाशी दिवस संपवा.

गाडी पाटोला बहुमजली पार्किंगमध्ये टाका आणि विसरून जा. पूल ओलांडला की फोंतेन्हास. गाडी आत नेलीत तर साहेबांचं ‘झालं का?’ दर पाच मिनिटांनी सुरू होईल.

फोंडेकर_काका · गुरुवार, सकाळी ७.०५

पणजी पणजी काय करता! १८४३ साली राजधानी झालेलं गाव ते. त्याआधी दलदल आणि माड. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या गव्हर्नराने भराव घालून सरळ रस्ते आखले, तेव्हा कुठे शहराचा आकार आला. वास्तू बघायची तर आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, या. कवळ्याच्या शांतादुर्गेचं देऊळ १७३८ चं, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ. फोंड्यातली १५६० ची साफा मशीद आणि तिच्या शेजारची तळी. मुलाला प्रकल्पात हे घालायला सांगा, मास्तर खूश होतील.

साखळीवाली · गुरुवार, सकाळी ८.२०

काका, सासूबाईंनी तुमचं वाचून लगेच ‘बघ, मी म्हणत नव्हते’ म्हटलं! पण प्रकल्प शहराचा आहे. फोंडा पुढच्या खेपेला नक्की.

मळेकर · गुरुवार, सकाळी ११.५०

मी त्या गल्लीत राहतो. नेमकं घर सांगत नाही, सांगितलं तर उद्या तिथेही रांग लागेल.

कॅमेराबहाद्दरांनी सूर्याचं सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त ‘सकाळी फोंतेन्हास’ म्हणजे आमच्या दारात सकाळी, हे त्यांच्या ध्यानात आहे का? सातला दूध घ्यायला दार उघडावं तर समोर लग्नाआधीचं फोटोशूट. घेरदार झगा घातलेली मुलगी आमच्या पायरीवर, फोटोवाला रस्त्यावर आडवा, तिसरा एकजण चांदीचा पत्रा धरून उभा. आई खिडकीत आली की तोच म्हणतो, ‘आंटी, जरा आत व्हा.’ स्वतःच्या खिडकीतून आत व्हा! गल्लीत आज ज्या फोटोबंदीच्या पाट्या दिसतात त्या हौसेने लावलेल्या नाहीत.

तुम्ही मुलांना घेऊन येताय, खुशाल या. दाराच्या कड्या, कुंड्या, सायकल हलवून बघू नका. पायरीवर बसू नका. कोणी बाल्कनीत असेल तर मान वर करून दोन शब्द बोला, मराठीत बोललात तरी चालेल, आणि मग फोटो काढा. शंभरातले पाच जण बोलतात.

कॅमेराबहाद्दर · गुरुवार, दुपारी १.१५

मळेकर, त्रास कळतो. पण सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून इमारतीची बाहेरची बाजू टिपायला कायद्याने मनाई नाही. पाटी लावली म्हणून रस्ता खाजगी होत नाही. सरकार तुमच्या घराचे फोटो पोस्टरवर छापून पर्यटक बोलावतं आणि आलेल्या माणसाला तुम्ही हाकलणार, हे कसं जमायचं?

मळेकर · गुरुवार, दुपारी १.४०

पोस्टर छापताना आम्हाला कोणी विचारलं होतं? कायद्याचं म्हणाल तर उद्या तुमच्या म्हापशाच्या घरासमोर रोज पन्नास माणसं उभी करतो. रस्त्यावरच उभी राहतील, अगदी कायदेशीर.

दोन_पैसे · गुरुवार, दुपारी १.५५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चिरा_आणि_चुना · गुरुवार, रात्री ९.००

भांडण थोडं बाजूला ठेवा, मुलाच्या प्रकल्पाचं बोलू. मी वास्तुविशारद आहे, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते.

‘पणजीच्या जुन्या इमारती’ हा विषय नववीच्या मुलाला फार मोठा आहे. त्याला एकच गोष्ट धरायला सांगा. भिंत, छप्पर किंवा खिडकी. दिवसभर तेवढंच काढायचं. घर दिसेलच, पण त्या एका गोष्टीतून.

भिंत धरली तर काय बघायचं? आपली घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो. पण तो भोकाभोकांचा दगड, पाणी पितो. उघडा ठेवला तर आपल्या पावसात झिजत जातो, म्हणून वर चुन्याचा गिलावा. चुना शिंपले भाजून करत. त्याच चुन्यात माती-खनिजांचे रंग मिसळून भिंती रंगवत : पिवळा, काव, निळा. चर्चांखेरीज काही पांढरं ठेवायचं नाही असा पोर्तुगीज अमदानीतला नियम गाईड सांगतात. पण नियम नसता तरी दर पावसानंतर भिंत परत चुन्याने रंगवावीच लागली असती, शेवाळ कोणाला सोडत नाही. आता बरीच घरं प्लास्टिक पेंटने रंगवतात. त्यात भिंतीतली ओल आत कोंडते, मग पापुद्रे सुटतात. मुलाला म्हणावं, चकचकीत भिंतीपेक्षा गिलावा पडलेला कोपरा शोध. तिथे चिरा, चुना, रंग असे तिन्ही थर एकाखाली एक दिसतात. चार वाक्यांची टीप लिहिली की अर्धा प्रकल्प झाला.

गिलाव्याचं महत्त्व पटवायचं असेल तर जुने गोव्याचं बॉम जेझूस. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेली ही बासिलिका साडेतीनशे वर्षं गिलाव्याखाली होती. १९५० च्या दशकात पोर्तुगीजांनीच, दगड उघडा असला की इमारत जास्त जुनी वाटेल म्हणून, तो काढून टाकला. आज आपल्याला वाटतं ती मुळातच तांबडी. तो तांबडा चिरा तेव्हापासून पाऊस खातोय. गिलावा परत चढवावा की नाही यावर अजून वाद आहे. मी चढवावा या बाजूची.

छप्पर धरलं तर कौलं. मंगळुरी चपटं कौल १८६५ नंतरचं, बासेल मिशनच्या कारखान्यातून आलेलं. त्याआधीची हाताने केलेली अर्धगोल नळीची कौलं. काही छपरांच्या कोपऱ्यावर मातीचा कोंबडा किंवा शिपाई बसलेला असतो. त्यासाठी मान वर करावीच लागते.

पुणेरी_पाहुणा · शुक्रवार, सकाळी ९.३०

खिडकीबद्दल सांगितलं नाहीत. त्या शिंपल्यांच्या खिडक्या खऱ्या की हॉटेलवाल्यांनी सजावटीला लावलेल्या?

चिरा_आणि_चुना · शुक्रवार, सकाळी १०.१५

दोन्ही. हॉटेलांत नव्या केलेल्या आहेत, घरांत जुन्या. काच महाग होती तेव्हा चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या घासून लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत सरकवत. ऊन गाळून येतं, झोत येत नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. ही शिंपली आपल्याच पाण्यातली, चिखलीच्या खाडीत आजही आहे. एक शिंपली फुटली तर तेवढीच बदलायची, म्हणून काही खिडक्यांत वेगवेगळ्या वयाचे तुकडे शेजारी दिसतात. पिवळट ते जुने.

म्हापशाची_मावशी · शुक्रवार, सकाळी ११.००

लेकरांना खायला काय देणार ते आधी ठरवा गो. उपाशी पोरं फोटो काढत नाहीत, भांडतात. सकाळी पातळभाजी आणि उंडो (गोल पाव), वर मिरचीची भजी. मग बाराच्या आत देऊळ, कारण दुपारी दार बंद होतं. सासूबाईंना चर्चचा जिना चढवू नका, खाली बागेत बाकावर बसवा. त्यांना तिथूनच जास्त दिसेल.

कॅमेराबहाद्दर · शुक्रवार, दुपारी १२.३०

मावशींनी वेळापत्रकाचा प्रश्नच सोडवला. त्यात माझी थोडी भर.

रविवार बदलता आला तर बदला. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातले निळे आझुलेजो, म्हणजे चित्रं रंगवलेल्या पोर्तुगीज फरशा, बघायचे असतील तर कामाचा दिवस बरा, सुट्टीला दार बंद सापडू शकतं. १९३५ ची ही चित्रं, जॉर्ज कोलासू या पोर्तुगीज कलाकाराची. वास्को द गामाच्या सफरीवरल्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. भर दुपारचा तास तिथे घालवा, बाहेर नाहीतरी ऊन डोक्यावर असतं. फरशा चकाकतात, समोरून काढल्या तर दाराचा उजेड मधोमध पांढरा डाग होऊन बसतो. एका बाजूला सरकून तिरक्या कोनातून काढा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असेल तर फिरवून बघा, चकाकी जाते.

मुलाला दोन गोष्टी. एक, कॅमेरा वर उचलला की इमारत मागे पडल्यासारखी येते. कॅमेरा क्षितिजाला समांतर धरायचा आणि स्वतः मागे जायचं. फोटोत खाली रस्ता जास्त येईल, तो नंतर कापता येतो. चर्चसाठी बागेतल्या बँडस्टँडपर्यंत मागे जा. दोन, पांढरी भिंत कॅमेऱ्याला नेहमी करडी करायची असते, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवायचा. फोनवर भिंतीला बोट लावून धरून ठेवलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवायचं. मुलीला फोनची ०.५ ची लेन्स वापरू देऊ नका, कडेची घरं वाकतात. पलीकडच्या फुटपाथवरून २ ची लेन्स लावली की दार, खिडकी, छज्जा कसा सरळ येतो बघा.

ड्रोन घरी ठेवा. दाबोळीच्या विमानतळामुळे आकाशातली परवानगी ही वेगळीच भानगड आहे.

मळेकर, रागावू नका. मी स्वतः गल्लीत लेन्स लावण्याआधी नमस्कार करतो. कायदा सांगितला म्हणजे कोणाच्या पायरीवर बसा असं सांगितलं नव्हतं.

मळेकर · शुक्रवार, दुपारी १२.५५

नमस्कार करत असाल तर मिटलं.

साखळीवाली · शुक्रवार, रात्री ८.४०

रविवार रद्द. ह्यांनी मंगळवारची रजा टाकली. मुलांना सुट्टीच आहे. मुलाने छप्पर निवडलं, कोंबड्यासाठी. मुलीला खिडक्या. सासूबाईंनी ‘मग मी भिंती बघते’ असं जाहीर केलंय. ह्यांच्या वाट्याला जिने.

साखळीवाली · बुधवार, रात्री ९.५०

काल जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण घरात कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नाही, सगळे आपापले फोटो बघताहेत.

सातच्या आधी पाटोला गाडी लावली आणि पुलावरून चालत गेलो. खाडीच्या बाजूची घरं खरंच पेटल्यासारखी दिसत होती. सव्वासातपर्यंत गल्लीत झाडू मारणारी बाई, पाववाल्याची सायकल आणि आम्ही. सासूबाई भिंतींच्या मागे लागल्या त्या अशा की आम्हालाच थांबावं लागलं. गिलाव्याचा पोपडा दिसला की ‘हा बघ, हा आमच्या माहेरच्या भिंतीसारखा.’ एका ठिकाणी पिवळ्याखाली निळा आणि निळ्याखाली काव, असे तीन काळ त्यांनी शोधून दाखवले. तो फोटो मुलाने छपराचा नाद सोडून काढला.

सेंट सेबॅस्टियन चॅपल उघडं होतं. तिथला क्रूस जुने गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला आहे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. आत आम्ही फोटो काढले नाहीत, प्रार्थना चालू होती.

मग मळेकरांचा सल्ला. बाल्कनीत एक आजी बसल्या होत्या. मुलगी खालूनच म्हणाली, ‘आजी, तुमच्या खिडकीचा फोटो काढू?’ आजींनी कोकणीत विचारलं, कुठच्या तुम्ही. सासूबाई साखळीच्या म्हटल्यावर दत्तमंदिर, बाजार, कुठल्या तरी मास्तरांची आठवण, अशी पंधरा मिनिटं दोघींची वरखाली बोलणी. शेवटी आजी म्हणाल्या, खिडकी बाहेरून काय काढतेस, ती आतून बघायची असते. वर बोलावलं. बाहेरून ती खिडकी मळकट दिसत होती, लक्षही जाऊ नये अशी. आतून पाहिली तर सकाळचं ऊन प्रत्येक शिंपलीत वेगळं उतरलेलं. कुठे दुधासारखं, कुठे मधाळ, आणि जिथे शिंपली गेली होती तिथे काचेचा तुकडा, त्यातून पांढरा झोत. दिवसभरातला मुलीचा सगळ्यात चांगला फोटो तोच. आजींच्या घराचा पत्ता मीही सांगणार नाही.

पोस्टाच्या जुन्या इमारतीपाशी ह्यांना जिना मिळाला नाही म्हणून नाराजी. पण ती इमारत एके काळी तंबाखूचं कोठार होती आणि शेजारच्या घरात १८३४ ते १८४१ टांकसाळ होती, हे कळल्यावर ‘इथे पैसे पाडत होते?’ म्हणून दहा मिनिटं तिथेच. बाराच्या आत महालक्ष्मी गाठली. पोर्तुगीज अमदानीत, १८१८ साली, पणजीत परवानगी मिळून उभं राहिलेलं हे देऊळ, हे मला या वयात कळलं. सासूबाईंना आधीच माहीत होतं, त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

आझुलेजो तिरके काढले, चकाकी गेली. समोरच्या आझाद मैदानावरचा खांबांचा मंडप मात्र अनपेक्षित आवडला. त्याचे खांब जुने गोव्याच्या पडलेल्या चर्चमधून आणलेले, १८४७ चा मंडप. आधी त्यात गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कचा पुतळा होता, आता तिथे स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हा यांचं स्मारक. मुलगा म्हणाला, आई, म्हणजे इमारतीसुद्धा सेकंडहँड? म्हटलं, लिही प्रकल्पात.

राजवाड्याशेजारचा, संमोहनविद्येच्या आबे फारियाचा पुतळा मुलीने जमिनीवर बसून काढला. पसरलेले हात आणि कोसळणारी बाई, मागे नुसतं आकाश. येणारीजाणारी माणसं वळून बघत होती.

चर्चला साडेतीनला पोचलो. सासूबाई बागेतल्या बाकावर, ह्यांना अखेर जिना मिळाला. वर गेले ते अर्धा तास खाली येईनात. तिथली घंटा ऑगस्टिनियन मठातून आलेली, जुने गोव्याच्या से कॅथेड्रलच्या सुवर्णघंटेखालोखाल गोव्यात मोठी, असं कोणी तरी सांगितलं तर ती दिसेल असा कोन शोधत बसले. म्हणजे ‘झालं का?’ शेवटी आम्ही विचारलं.

कला अकादमीला पोचेपर्यंत मुलं दमली होती. तरी तिथली एक गोष्ट मनात राहिली : रस्त्यावरून आत शिरलं की नजर इमारतीतून आरपार नदीपर्यंत जाते. एवढी मोठी इमारत, पण वाट अडवत नाही.

चिरा_आणि_चुना · बुधवार, रात्री १०.३०

चार्ल्स कोरिया यांनी ती तशी मुद्दाम केली. बसकी, माडांच्या खाली राहणारी, रस्ता आणि नदी यांच्यामधली वाट ठेवणारी. आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी रंगवलेले खोटे सज्जे आणि त्यातले खोटे प्रेक्षक आहेत. प्रयोगाला जाल तेव्हा बघा.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तीन थर ओळखणारे लोक मला साइटवर मिळत नाहीत.

कॅमेराबहाद्दर · गुरुवार, सकाळी ८.१०

आता एक विनंती. एडिट करताना रंग वाढवू नका. फोनचं ‘व्हिव्हिड’ बंद करा. फोंतेन्हासचा पिवळा इंटरनेटवर जितका पिवळा दिसतो तितका तो नसतो. चुन्यातल्या रंगाला खडूसारखा मऊपणा असतो, तो सॅच्युरेशनने मरतो. प्रकल्पात भिंतीचा खरा रंग यायला हवा.

दोन_पैसे · गुरुवार, सकाळी ८.४५

म्हणजे आता पिवळी भिंतही फिल्टरशिवाय बघायची. काय दिवस आले.

फोंडेकर_काका · गुरुवार, सकाळी ९.२०

वाचून बरं वाटलं. आझाद मैदानाच्या खांबांचं मला ठाऊक होतं, पण मुलाचा ‘सेकंडहँड’ शब्द पटला. अंत्रुजात आलात तर आमच्या वाड्यातलं राजांगण दाखवतो, मधोमध तुळस, चारी बाजूंनी वसरी. पोर्तुगीज घर रस्त्याकडे तोंड करून बाल्कांवावर, म्हणजे दारासमोरच्या बाकांच्या ओसरीवर, बसतं, आमचं आत चौकाकडे. दोन्हीचे फोटो शेजारी लावा, मास्तरांना सांगावं लागणार नाही.

साखळीवाली · गुरुवार, सकाळी ९.४०

काका, हे मुलाने लगेच वहीत उतरवलं. डिसेंबरातला एक शनिवार तुमच्याकडे. सासूबाई तर आत्तापासून तयार आहेत.

मळेकर, आजींसाठी खिडकीच्या फोटोची प्रिंट काढलीय. तुमच्याच भागात आहे घर, पोचवाल का? पत्ता इथे लिहीत नाही.

मळेकर · गुरुवार, दुपारी २.१५

खिडकीच्या वर्णनावरून घर ओळखलं. प्रिंट पाटोला माझ्या ऑफिसात ठेवा, व्यक्तिगत निरोपात कळवतो. पण तुम्ही स्वतः आणलीत तर त्यांना जास्त आवडेल. काल त्या शेजारणीला साखळीच्या बाजाराबद्दल सांगत होत्या.

पुणेरी_पाहुणा · शुक्रवार, सकाळी १०.००

आम्ही याच मार्गाने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यायचं म्हणतोय, आईबाबा आणि दोन मुलं. काही बदल?

कॅमेराबहाद्दर · शुक्रवार, सकाळी १०.४०

नोव्हेंबरअखेर टाळताय ते बरं. इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत आणि आसपासचा भाग फलक-कमानींखाली झाकलेला असतो. ८ डिसेंबरला इमॅक्युलेट कन्सेप्शनचं फेस्त. त्याच्या आधीपासून चर्च चौकात दुकानं लागतात, खाजे आणि खेळणी. नुसती इमारत हवी असेल तर ८ नंतर या. इमारत आणि माणसं दोन्ही हवी असतील तर फेस्ताच्या संध्याकाळी या, चर्चवर रोषणाई असते. ट्रायपॉड मात्र आणू नका, ठेवायला जागा नसते.

म्हापशाची_मावशी · शुक्रवार, सकाळी ११.०५

आणि खाजे चौकातच घ्या. पुण्याला न्यायला टिकतात.